लबकच्या व्हिएतनाम आर्काइव्हमधली एचओ फाइल: वडिलांचं स्मरण लिहायला बसलेल्या घरासाठी

दक्षिण व्हिएतनामच्या सैन्यात नोकरी, १९७५ नंतर कम्युनिस्ट सरकारच्या ‘पुनर्शिक्षण’ छावण्यांत कैद, नव्वदच्या दशकात बायकामुलांना घेऊन अमेरिका. असा माणूस गेल्यावर घरच्यांना त्याच्याबद्दल चार पानं लिहायची असतात, आणि लिहिणारे पहिल्याच पानावर अडतात. ते कोणत्या तुकडीत होते, कोणकोणत्या छावण्यांत राहिले, किती वर्षं राहिले, यातलं फारसं काही मुलांच्या कानावर आलेलं नसतं. गणवेशातले फोटो आणि लष्करी ओळखपत्रं एप्रिल १९७५ मध्ये दक्षिणेची राजधानी सायगाव पडल्यावर कित्येक घरांनी भीतीपोटी स्वतःच जाळून टाकली. अशा घराला आज सर्वांत उपयोगी पडणारी सेवा टेक्सस राज्यातल्या लबक शहरात आहे. टेक्सस टेक विद्यापीठाचं ‘व्हिएतनाम सेंटर अँड सॅम जॉन्सन व्हिएतनाम आर्काइव्ह’ १९८९ साली सुरू झालं. त्याचा ऑनलाइन भाग म्हणजे ‘व्हर्च्युअल व्हिएतनाम आर्काइव्ह’. तो वापरायला पैसे लागत नाहीत, आणि स्कॅन केलेली कागदपत्रं पीडीएफ स्वरूपात उतरवून घेता येतात.

आर्काइव्हचा बराचसा भाग अमेरिकी सैनिकांच्या कागदपत्रांचा आहे. व्हिएतनामी घराला हवा तो संग्रह वेगळा: ‘फॅमिलीज ऑफ व्हिएतनामीज पोलिटिकल प्रिझनर्स असोसिएशन’ या संस्थेचा. खुक मिन्ह थो या बाईंनी कैद्यांच्या इतर नातेवाइकांना सोबत घेऊन व्हर्जिनिया राज्यात ही संस्था उभी केली. त्यांचे पती छावणीत होते. संस्थेचं काम स्वयंपाकघरातल्या टेबलावर चालावं तसं चाललं. कैद्यांच्या याद्या करायच्या, अर्ज नीट भरून घ्यायचे, अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या मागे लागायचं. परराष्ट्र खात्याचे रॉबर्ट फनसेथ यांनी व्हिएतनाम सरकारशी वाटाघाटी केल्या आणि ३० जुलै १९८९ रोजी हनोईत करार झाला. छावणीत किमान ३ वर्षं काढलेल्यांना कुटुंबासह अमेरिकेत येता येईल, ही त्या योजनेची मुख्य अट. व्हिएतनामी लोक तिला नुसतं ‘एचओ’ म्हणतात. या वाटेने दीड लाखाहून अधिक माणसं अमेरिकेत आली. संस्थेकडे जमलेल्या हजारो फाइली पुढे लबकला सुपूर्द झाल्या.

या फाइली सैन्याच्या नोंदींपेक्षा मोलाच्या का आहेत, ते एक फाइल उघडली की कळतं. सेवापुस्तिकेत माणूस म्हणजे हुद्दा, तुकडी आणि तारखा. इथे तोच माणूस स्वतःच्या अक्षरात घरातल्या प्रत्येकाचं नाव लिहितो. बँकॉकमधल्या ‘ऑर्डरली डिपार्चर प्रोग्रॅम’च्या (व्हिएतनाममधून रीतसर परवानगीने बाहेर पडण्याच्या योजनेच्या) कार्यालयाची प्रश्नावली बहुतेक फाइलींत असते. तिची सुरुवात अर्जदाराच्या माहितीने होते. मग सोबत येणारे नातेवाईक आणि परदेशात असलेले नातेवाईक. त्यानंतर कुटुंबाची पूर्ण यादी: आई, वडील, पत्नी, आधीची पत्नी असल्यास तीही, मुलं, भावंडं, हयात असोत की मयत. अमेरिकी कार्यालयातली नोकरी, सैन्यातली सेवा, परदेशातलं प्रशिक्षण आणि छावणीतला काळ हे रकाने या यादीच्या नंतर येतात. शेवटी शेऱ्यासाठी मोकळी जागा. बापाने खरं काय ते तिथे लिहिलेलं असतं: थोरल्या मुलाला कागद मिळत नाहीत, आईचं वय झालंय, धाकटीला दम्याचा त्रास आहे. स्मरणलेखासाठी आधी हे शेवटचं पान वाचावं, हुद्द्याचं पान नंतर.

याशिवाय फाइलीत सुटकेचा दाखला असतो. व्हिएतनामी घरांत त्याला ‘याय रा त्राय’ म्हणतात. लग्नाचा दाखला, मुलांचे जन्मदाखले, शिधा आणि वस्तीची नोंद असलेली घरपट्टिका, पासपोर्ट आकाराचे फोटो, पत्नीची किंवा अमेरिकेतल्या बहिणीची पत्रं हेही सापडतं. सगळ्याच फाइली एवढ्या भरलेल्या नसतात. काहींत एकच नोंदणी-अर्ज आणि एक लिफाफा, बस. तरी त्या एका अर्जावर छावणीचं नाव, कैदेची मुदत, त्या वेळचा पत्ता आणि अवलंबून असलेल्यांची नावं मिळतात.

शोधायला बसण्याआधी एक गोष्ट पक्की करावी. माणूस नेमका कोणत्या वाटेने अमेरिकेत आला? एप्रिल १९७५ मध्येच निघालेले लोक कॅम्प पेंडलटन, फोर्ट चॅफी, फोर्ट इंडियनटाउन गॅप किंवा एग्लिन इथल्या तात्पुरत्या वसाहतींतून गेले. त्यांची फाइल या संग्रहात असण्याचं कारण नाही. होडीने पळालेल्यांच्या नोंदी मलेशियातलं पुलाऊ बिदाँग, इंडोनेशियातलं गलांग किंवा फिलिपिन्समधलं पलावान अशा निर्वासित छावण्यांशी जोडलेल्या असतात, आणि तिथे होडीचा क्रमांक हीच किल्ली. मात्र होडीने आलेल्या माणसाने मागे राहिलेल्या कैदी भावासाठी किंवा मेहुण्यासाठी अर्ज केला असेल, तर त्याचं नाव अमेरिकेतला नातेवाईक म्हणून या संग्रहात भेटू शकतं. एचओने आलेल्या प्रत्येकाने संस्थेशी पत्रव्यवहार केला असेल असंही नाही. म्हणून फाइल सापडली नाही, तर ‘वडील छावणीत नव्हतेच’ असा अर्थ काढू नये. ही चूक होते, आणि तिच्यावरून भावंडांत वाद पेटतात.

घरातल्या कपाटात आधी चार वस्तू शोधाव्यात. विमानतळावर दिलेलं आय-९४ कार्ड, ज्यावर अमेरिकी स्थलांतर कायद्याच्या कलम २०७ खाली निर्वासित म्हणून प्रवेश दिल्याचा शिक्का असतो. ‘ए’ने सुरू होणारा परदेशी नागरिक क्रमांक. बँकॉकच्या कार्यालयाचा ‘आयव्ही’ने सुरू होणारा फाइल क्रमांक. आणि विमानभाड्याच्या कर्जाची आंतरराष्ट्रीय स्थलांतर संघटनेची (आयओएम) वचनचिठ्ठी. ही चिठ्ठी बहुतेक घरांनी जपलेली असते, कारण ते कर्ज हप्त्याहप्त्याने फेडावं लागलं. आयओएम असं लिहिलेली प्लास्टिकची पिशवी माळ्यावर असेल तर तीही उघडून बघावी. निर्वासितांचे छातीचे एक्स-रे आणि प्रवासाचे कागद तिच्यातूनच आले. यातल्या कागदांवर ज्या स्पेलिंगने नाव छापलंय, त्याच स्पेलिंगने पहिला शोध घ्यावा.

खरी डोकेदुखी नावांची. व्हिएतनामी क्रमात आधी आडनाव, मग मधलं नाव, शेवटी स्वतःचं नाव. अमेरिकी कारकुनाने ते उलटं केलेलं असतं, किंवा मधलं नाव गाळलेलं असतं. शिवाय न्गुयेन आडनावाची माणसं इतकी की नुसत्या आडनावाने शोधण्यात अर्थ नाही. त्यामुळे एकाच माणसासाठी निदान चार शोध करावेत: पूर्ण नाव व्हिएतनामी क्रमाने, तेच उलट क्रमाने, मधलं नाव वगळून, आणि पत्नीच्या नावाने. व्हिएतनामी स्त्री लग्नानंतर माहेरचंच आडनाव ठेवते, म्हणून पत्नीच्या शोधात नवऱ्याचं आडनाव जोडलं तर हाती काही लागत नाही. अक्षरांवरची आणि अक्षरांखालची स्वरचिन्हं आधी गाळून शोधावं. टंकलेखन यंत्रावर भरलेल्या अर्जांत ती मुळातच नसतात, किंवा नंतर पेनाने घातलेली असतात. माणूस छावणीतच वारला असेल, तर त्याच्या विधवेलाही योजनेत जागा होती. अशा वेळी दोघांच्या नावांनी वेगवेगळं शोधावं.

आर्काइव्हची सर्वांत मोठी कमजोरीही इथेच आहे. टंकलिखित पानांतला मजकूर यंत्राला बऱ्यापैकी वाचता येतो, हस्ताक्षर येत नाही. म्हणजे फाइलीच्या शीर्षकात नाव असेल तरच ती शोधात वर येते. आत हाताने लिहिलेली मुलांची, भावांची, सहकैद्यांची नावं शोधपेटीला दिसत नाहीत. वडिलांचं नाव दुसऱ्या कुणाच्या फाइलीत साक्षीदार म्हणून आलं असेल, तर ते पान डोळ्यांनी चाळूनच सापडणार. संकेतस्थळ इंग्रजीत, आतली निम्मी कागदपत्रं व्हिएतनामीत. त्यामुळे म्हाताऱ्या आईला एकटीने हे जमत नाही आणि अमेरिकेत वाढलेल्या नातवालाही एकट्याने जमत नाही. दोघांनी शेजारी बसून करायचं काम आहे ते, आणि त्या बैठकीत आई जे सांगते ते फाइलीइतकंच मोलाचं असतं. नातवाने फोनवर रेकॉर्डिंग चालू ठेवावं. आर्काइव्हच्या संदर्भ-विभागाला ईमेल करून मदत मागता येते. पत्रात पूर्ण नाव, जन्मवर्ष, पत्नीचं नाव आणि अमेरिकेत आल्याचं वर्ष दिलं तर उत्तर लवकर मुद्द्यावर येतं. ‘माझे आजोबा सैन्यात होते’ एवढंच लिहिलं तर कुणीही काही करू शकत नाही.

फाइल सापडल्यावर तारखा जपून वाचाव्यात. व्हिएतनामी कागदावर आधी दिवस, मग महिना. अमेरिकी अर्जावर आधी महिना. एकाच फाइलीत दोन्ही असतात, आणि ५ जुलैचा ७ मे सहज होतो. जन्मवर्षाची खात्री करायला एक चांगली खूण आहे: लष्करी क्रमांक. दक्षिण व्हिएतनामी सैनिकाच्या क्रमांकातले पहिले दोन आकडे म्हणजे जन्मवर्षाचे शेवटचे दोन आकडे अधिक २०. जन्म १९४३चा असेल तर क्रमांक ६३ने सुरू होतो. अर्जावर जन्मवर्ष १९४५ आणि क्रमांक ६३ने सुरू, असं दिसलं तर दाखल्यात कधीतरी वर्ष बदलून घेतलं असण्याची शक्यता धरावी. असे बदल त्या काळी सर्रास झाले, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

हुद्दा लिहिताना आजच्या व्हिएतनामी सैन्याचा तक्ता वापरू नये. आज तिथे कनिष्ठ अधिकाऱ्यांच्या मुख्य पायऱ्या चार आहेत. दक्षिणेच्या सैन्यात ‘थिएउ वी’, ‘चुंग वी’ आणि ‘दाय वी’ अशा तीन होत्या, आणि ‘दाय वी’ म्हणजे कॅप्टन. त्यांच्या खाली ‘चुआन वी’ हा उमेदवार अधिकाऱ्याचा हुद्दा. थु दुकच्या राखीव अधिकारी शाळेतून बाहेर पडणारे याच हुद्द्याने सुरुवात करत, तर दालातच्या लष्करी अकादमीचे पदवीधर थेट ‘थिएउ वी’ होत. म्हणून शाळा कोणती आणि तिथली तुकडी (बॅच) कितवी, हे दोन्ही नोंदवावं. जुने सहकारी एकमेकांना तुकडीच्या क्रमांकानेच ओळखतात, आणि तो क्रमांक छापला की अंत्यविधीला अशी माणसं येतात ज्यांची नावं घरात कुणी ऐकलेलीही नसतात.

सुटकेच्या दाखल्यावर अटकेची तारीख, सुटकेची तारीख, छावणीचं नाव आणि पुढे राहायचा पत्ता असतो. बहुतेकांच्या बाबतीत अटकेची तारीख जून १९७५च्या आसपासची येते, कारण अधिकाऱ्यांना तेव्हाच ‘अभ्यासवर्गा’साठी हजर व्हायला सांगितलं होतं. वरिष्ठांना महिनाभराचं सामान बरोबर आणायला सांगितलं होतं. त्या एका महिन्याची कित्येकांच्या बाबतीत वर्षं झाली. दाखल्यावर एकच छावणी लिहिलेली असते, शेवटची. दक्षिणेतल्या लाँग याओ किंवा सुओई माउमधून उत्तरेकडे येन बाय, विन्ह फू, नाम हा, आणि मग परत दक्षिणेत हाम तान किंवा झुआन लोक, असा प्रवास झालेला असू शकतो. मधल्या छावण्या प्रश्नावलीत किंवा पत्रांत सापडतात. ‘अमुक छावणीत सात वर्षं’ असं लिहिण्याआधी त्या पानांशी ताळा करावा. सुटका झाली म्हणजे माणूस मोकळा झाला असंही नाही. त्यानंतर पोलिसांकडे नियमित हजेरी लावायचा नजरकैदेचा काळ असे. तोही स्मरणात यावा, कारण सायकलरिक्षा ओढून किंवा भाजी विकून मुलं वाढवली ती याच वर्षांत.

काही फाइलींत मुलांच्या यादीत एखाद्या नावावर रेघ मारलेली दिसते. ती रेघ बघितली की वाचणाऱ्याच्या पोटात कालवतं. लग्न झालेल्या मुलांना योजनेत जागा नव्हती. एप्रिल १९९५पासून २१ वर्षांवरच्या अविवाहित मुलांनाही नकार मिळू लागला. सिनेटर जॉन मॅकेन, जे स्वतः हनोईत युद्धकैदी होते, त्यांच्या १९९६च्या दुरुस्तीने ही वाट पुन्हा उघडली. त्यामुळे एखादी मुलगी दोन-तीन वर्षांनी वेगळी आली असेल, तर तिला मागे ठेवायचं वडिलांनी ठरवलं असा समज करून घेण्याआधी या तारखा पाहाव्यात. बऱ्याच घरांत ही एक गाठ अनेक वर्षं तशीच राहिलेली असते. रेघ कधी मारली गेली आणि वडिलांनी त्यानंतर कुणाकुणाला पत्रं लिहिली, हे फाइलीत दिसलं तर ती गाठ सुटते. या सेवेला याच कारणासाठी सर्वांत वरचं स्थान द्यायला हवं.

लबकमध्ये काही मिळालं नाही, तर दुसरी वाट अमेरिकी नागरिकत्व आणि स्थलांतर सेवेकडे माहिती अधिकाराचा अर्ज करण्याची. त्यातून ‘ए-फाइल’, म्हणजे ‘ए’ क्रमांकाखालची स्थलांतराची फाइल, मागता येते. मृत व्यक्तीसाठी मृत्यूचा पुरावा जोडावा लागतो. तिथे कागद जास्त अधिकृत असतात, पण काळी पट्टी मारलेली पानंही बरीच असतात, आणि वाट बघावी लागते. आवाज आणि आठवणी हव्या असतील तर कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन शाखेतलं साउथईस्ट एशियन आर्काइव्ह आणि तिथल्या मौखिक इतिहासाच्या मुलाखती पाहाव्यात. आपल्या माणसाची मुलाखत नसली तरी त्याच छावणीतल्या दुसऱ्या कुणाची असू शकते, आणि तिथल्या थंडीचं, उपासमारीचं वर्णन त्यातून कळतं.

आता फाइलीतून स्मरणपत्रिकेकडे. छापील शोकपत्रिकेत व्हिएतनामी रीतीने हे क्रमाने येतं: कॅथलिक असल्यास संताचं नाव, बौद्ध असल्यास धर्मनाव, पूर्ण नाव, माजी हुद्दा, लष्करी शाळा आणि तुकडी, जन्माची तारीख आणि गाव, मृत्यूची तारीख, वय. वय व्हिएतनामी पद्धतीने मोजलं तर मृत्यूदाखल्यापेक्षा एक किंवा दोनने जास्त येतं. १९४० साली जन्मलेला आणि २०१५ साली गेलेला माणूस पत्रिकेत ७६ वर्षांचा, दाखल्यावर ७४ किंवा ७५. दोन्ही बरोबर आहेत. फक्त एकाच पत्रिकेच्या दोन भाषांतल्या मजकुरात दोन आकडे दिसले की लोक चूक समजतात, म्हणून इंग्रजी बाजूला वय न छापता फक्त वर्षं छापावीत. वार्षिक श्राद्ध चांद्र तिथीने होतं. माणूस अमेरिकेत संध्याकाळी गेला तर व्हिएतनाममध्ये पुढचा दिवस उजाडलेला असतो, म्हणून तिथी कोणती धरायची हे सगळ्या भावंडांनी पहिल्याच आठवड्यात ठरवून लिहून ठेवावं.

शवपेटीवर ध्वज घालायचा तर पिवळ्या पार्श्वभूमीवर तीन लाल पट्ट्यांचा. इंटरनेटवरून ‘व्हिएतनामचा ध्वज’ म्हणून चित्र उतरवलं की आजचा लाल ध्वज येतो, आणि तो पत्रिकेवर छापला गेला तर जुन्या सैनिकांना किती लागतं हे सांगायची गरज नाही. छापखान्याला नमुना स्वतः द्यावा. ध्वजाचा विधी स्थानिक व्हिएतनामी माजी सैनिक संघटना करतात. अमेरिकी सैन्यात सेवा झालेली नसेल, तर अमेरिकी माजी सैनिक खात्याकडून थडग्याची जागा किंवा ध्वज सर्वसाधारणपणे मिळत नाही. ती चौकशी करण्यात पहिले दोन दिवस घालवू नयेत.

फाइलीतला फोटो वेदीवर लावायचा मोह होतो, कारण तरुणपणाचा तोच एक उरलेला असतो. मूळ फोटो ४ बाय ६ सेंटिमीटरचा आणि स्कॅन ३०० डीपीआयचा (इंचाला ३०० बिंदू) असेल, तर हाती साधारण ४७२ बाय ७०९ बिंदू येतात. ८ बाय १२ सेंटिमीटरपर्यंत तो बरा छापला जातो. २० बाय ३०चा केला की चेहरा विरघळतो आणि फाइलीचा शिक्का कपाळावर ठळक होतो. वेदीसाठी नंतरच्या वयाचा नीट फोटो वापरावा, आणि फाइलीतला लहानच ठेवून पत्रिकेच्या आतल्या पानावर घ्यावा. पीडीएफमधून चित्र घेताना पडद्याचा स्क्रीनशॉट काढू नये. मूळ चित्र पीडीएफमधून बाहेर काढलं तर बिंदू वाया जात नाहीत.

शेवटी एक काळजी. या फाइलींत हयात असलेल्या भावंडांच्या जन्मतारखा, ओळख-क्रमांक आणि जुने पत्ते असतात. आर्काइव्हवर पान उघडं दिसतं म्हणून ते जसंच्या तसं फेसबुकवर टाकू नये. नावं आणि क्रमांक झाकून हवा तेवढाच भाग द्यावा. आणि घरात अशी काही कागदपत्रं निघाली जी लबकच्या फाइलीत नाहीत, तर दोन्ही बाजू ३०० डीपीआयने स्कॅन करून, प्रत्येक फाइलीला नाव आणि तारीख देऊन आर्काइव्हला देणगी म्हणून देता येतील का ते विचारावं. देण्याआधी आईची आणि सगळ्या भावंडांची लेखी संमती घ्यावी, आणि मूळ कागद घरीच ठेवायचे की तिकडे पाठवायचे हे पत्रात स्पष्ट लिहावं.